तुम्ही विचारलंत म्हणून: नोटा छापणाऱ्याच्या हातात फोन

"काय राव, जन्मभर नोटा छापल्या आणि आता भाजीवालीला फोन दाखवता? कशाला बदललात तो बटणांचा डबडा फोन? सोपं झालं का काही?"

जेलरोडला सकाळी फिरणाऱ्या आमच्या टोळीत आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न निघतोच. विचारणाऱ्या निम्म्यांच्या खिशात अजून बटणांचा फोन आहे, त्यामुळे त्यात जरा खोचही असते. असू दे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये. फोन आत न्यायचा नाही, जाता-येता झडती. दिवसातले आठ-नऊ तास फोनवाचून जात असतील तर भारीतला फोन घेऊन करायचं काय? निवृत्त झालो, तरी ती सवय राहिली. फोन म्हणजे वाजला की उचलायचा.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नोव्हेंबर आला. पेन्शनरांना नोव्हेंबर कळतो. हयातीचा दाखला! आपण अजून आहोत, हे दरवर्षी बँकेत जाऊन सांगायचं. ऑनलाइन दाखल्याचं 'जीवन प्रमाण' २०१४ मध्येच आलं होतं, पण तेव्हा बोटाचा ठसा लागायचा. माझी बोटं शाईत आणि कागदात झिजलेली. तीनतीनदा दाबूनही मशीन मला ओळखेना. मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, "काका गेलेत वाटतं." हसलो, पण लागलं. एरवी रांगेत उभं राहत होतो, आता गुडघ्यामुळे तेही जमणार नव्हतं. बँकेत न्यायला मुलाने पुण्याहून रजा काढून यायचं, म्हणजे त्याची रजा माझ्या जिवंतपणावर खर्च.

त्याने रजेऐवजी त्याचा जुना स्मार्टफोन पाठवला. २०२१ पासून या दाखल्याला चेहराही चालतो. दोन अ‍ॅप लागतात, एक आधारचं चेहरा ओळखणारं आणि एक जीवन प्रमाणचं. गंमत म्हणजे आधी 'ऑपरेटर' म्हणून स्वतःचीच नोंद करायची, मग त्याच माणसाने पेन्शनर व्हायचं. आधार नंबर, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, बँकेचं खातं भरलं. चष्मा काढून खिडकीपाशी बसलो. स्क्रीनवर एक गोल आला, त्यात तोंड बसवायचं आणि डोळे मिटून उघडायचे. मी घट्ट मिटून बसलो. बायको म्हणाली, "अहो, झोपू नका, पापणी हलवा फक्त." दुसऱ्या खेपेला गोल हिरवा झाला आणि थोड्या वेळाने मेसेज आला. कोणाला बोलावलं नाही, कोणापुढे हात केला नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच. बाकीचं त्यामागून आलं.

बाकीचं म्हणजे यूपीआय, ते तुम्हाला माहीतच आहे. सिटीलिंकची, म्हणजे आमच्या नाशिकची शहर बस कुठवर आली ते घरातूनच दिसतं, म्हणून स्टॉपवर उन्हात उभं राहणं कमी झालं. गावाकडच्या तुकड्याचा सातबारा १५ रुपयांत डिजिटल सहीसकट निघाला. पूर्वी त्यासाठी तलाठ्याची वाट बघत एक अख्खा दिवस जायचा, वर चहापाणी वेगळं. अक्षरं मोठी करून घेतली आहेत, पाच शब्दांत स्क्रीन भरते. टायपिंग जमत नाही, म्हणून बोलतो. बायकोला "अळूची पानं आण" म्हणालो, तर तिला गेलं "आळशी पान आण". तिचं उत्तर आलं, "घरात एक आहे."

सगळंच सोपं झालं असं नाही. फोन घेतल्यावर महिन्याभरातच एकाचा फोन आला. म्हणे, तुमचे पैसे परत यायचेत, पिन टाका. टाकणारच होतो. पण पैसे यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे मुलाने वहीत लिहून दिलं होतं. ती वही फोनशेजारीच असते. पावसाळ्यात आणखी एक ताप. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही सायकलवर गोदाकाठी जाऊन तिथली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडाली ते बघायचो. आता घरबसल्या फोटो येतात, आणि त्यात २०१९ च्या पुराचा फोटो दर वर्षी 'आत्ताचा' म्हणून येतो. मारुती गळ्यापर्यंत पाण्यात, आणि इकडे आमच्या अंगणात कडक ऊन!

शिवाय रोख सुटली म्हणता, तीही पूर्ण नाही सुटली. रेंज गेली की भाजीवालीला नोट द्यावी लागते आणि ती सुटे परत करते. हाताला सवय आहे, वीसची असो की पन्नासची, नोट आधी उजेडाकडे जाते. परवा ती म्हणाली, "काका, खरी आहे हो."

म्हटलं, "माहितीये गं. छपाई बघतोय."