आमची वाटचाल : पात्यात घडतं ते फुलात दिसतं

आमची फर्म म्हणजे कापसाच्या हायब्रीड बियाण्याचे प्लॉट घेणारी ऑर्गनायझर, म्हणजे बियाणे कंपनीसाठी शेतकऱ्यांच्या शेतात बियाणं तयार करून देणारी, बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाच्या पट्ट्यातली. हा धंदा आमच्या भागात नवा नाही, १९७० ला सुरतेहून कापूस शास्त्रज्ञ सी. टी. पटेलांचं एच-४ हे हायब्रीड वाण आलं आणि हातानं क्रॉसिंग करून, म्हणजे नर वाणाचा पराग मादी वाणाच्या फुलाला लावून, बियाणं तयार करता येतं हे देशाला कळलं, त्यानंतर हळूहळू गावोगाव प्लॉट झाले. २००२ ला बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि प्लॉटला एकदम जोर आला, तेव्हाच आम्ही स्वतःच्या नावानं काम सुरू केलं. सुरुवातीला भांडवल म्हणजे एक मोटरसायकल, दहा एक्सचं भिंग, लाल कागदाच्या पुड्या, दोऱ्याची रिळं आणि आमच्या काकू.

काकू म्हणजे बायांच्या टोळीच्या मुकादम. टोळी जमवायची त्यांनी, प्लॉट धरायचे मी, असं ठरलं आणि ते आजतागायत तसंच आहे. त्यांचा अंगठा पाहिला तर कळतं मादी ओळीत काम कसं असतं. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी धरायची, बुडाशी नख लावून पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी सालीसारखी फिरवून काढायची, आतली काडी मोडता कामा नये आणि एकही परागकोष मागं राहता कामा नये, राहिला तर तो फुटून स्वतःचाच पराग लागतो आणि तुमचं क्रॉसिंग गेलं. मग लाल पुडी. सकाळी नराची फुलं तोडून आणायची, एका फुलात चार-पाच माद्या होतात, कुक्षीला फिरवायचं, दोरा बांधायचा. जीओटीत, म्हणजे बियाणं पेरून झाडं तपासायच्या चाचणीत, ९० टक्के शुद्धता यावी लागते, त्याच्या खाली आलं की लॉट रिजेक्ट, मग कोणी तुमची मेहनत विचारत नाही. काकूंच्या टोळीचा एकही लॉट शुद्धतेत पडला नाही. हे मी छातीठोक सांगतो.

आता त्या वर्षाचं सांगतो, कारण त्या वर्षानं आम्हाला पार झोपवलंच होतं. भाद्रपदात पावसानं ओढ दिली, ऊन असं की रात्रीसुद्धा गारवा नाही. पुढं थोडं पाणी झालं, हवा बरी झाली, प्लॉट हिरवागार, फुलं भरपूर, आणि क्रॉसिंग केलेली बोंडं पिवळी पडून गळायला लागली. दोरे जमिनीवर. कंपनीचा माणूस आला, बांधावर उभा राहून म्हणाला की बाया कामचुकार आहेत, पराग नीट लावत नाहीत. काकू म्हणल्या, "भाऊ, आमच्या हातात खोट नाई, ह्या नरातच दम नाई. बोटाले पिवळंच लागत नाई." मी भिंगातून पाहिलं तर खरंच, दहा वाजले तरी परागकोष बंद, सुकलेले, एखादा उघडलेला.

फुलं घेऊन मी कृषी महाविद्यालयातल्या एका सरांकडे गेलो. त्यांनी परागकोष फोडून स्लाइडवर ॲसिटोकारमाइन हा लाल रंग टाकला. चांगला कण लाल भरीव दिसतो, कापसाचा पराग मोठा असतो, त्याच्यावर काटे असतात. आमचे बहुतेक कण फिके, चिपलेले. मग सरांनी जे सांगितलं ते मी अजून प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो. पराग फूल उमलताना तयार होत नाही, तो दोन-तीन आठवडे आधी, पाते, म्हणजे फुलाची कोवळी कळी, बारीक असतानाच घडायला लागतो. परागकोषात मातृपेशी असतात, एकेकीचं विभाजन होऊन चार-चार कण होतात, ते सुरुवातीला कॅलोज नावाच्या पदार्थाच्या आवरणात एकत्र बंद असतात. कोषाच्या सगळ्यात आतला थर म्हणजे टॅपिटम, तोच ते आवरण विरघळवून कण मोकळे करतो, त्यांना खाऊ घालतो, बाहेरच्या कडक कवचाचा माल पुरवतो आणि काम झालं की स्वतः विरून जातो. उष्णतेनं हा थर वेळेआधी मेला तर कण उपाशी राहतात, बाळंतिणीला दूध नसलं तर लेकराचं होतं तसं. आणि कोषाची भिंत नीट तयार झाली नाही तर तो फुटत नाही. म्हणजे आमचं नुकसान त्या उन्हाच्या दिवसांत पात्यातच झालं होतं, क्रॉसिंगला बाया उभ्या राहिल्या तेव्हा हवा गार होती म्हणून कोणाला पटत नव्हतं.

हे सगळं मी कंपनीला लिहून दिलं, स्लाइडचे फोटो दिले. ऐकलं नाही. माल कमी म्हणून रेट कापला, बाकी पेमेंट अडवलं, शेतकरी आमच्या ओट्यावर येऊन बसले. बाजूच्या तालुक्यातला दुसरा ऑर्गनायझर, त्याचा नर वेगळ्या वाणाचा होता, उन्हाला टिकला, तो गावात सांगत फिरला की यांच्या बायांना काम येत नाही, आणि आमचे अर्धे प्लॉट उचलून नेले. आमचा नर कंपनीनंच दिला होता, आम्ही निवडला नव्हता, हे कोणी बोललं नाही. मला पैशापेक्षा हे जास्त लागलं. बायकोचे दागिने ठेवून बायांची मजुरी दिली. काकूंनी स्वतःची सगळ्यात शेवटी घेतली आणि टोळी फुटू दिली नाही, टोळीला समोरून जास्त रोजाची ऑफर आली होती तरी.

नंतरची वर्षं बरी गेली, शेतकरी परत आले.

नवीन पोरं प्लॉट घेतात त्यांना सांगतो, नर एकदाच पेरू नका, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन टप्प्यात पेरा, म्हणजे एका टप्प्याचं पातं उन्हात सापडलं तरी दुसरा असतो. पाण्याची ओढ पाते लागताना पडू देऊ नका, फुलोऱ्यात पाणी देऊन तो पराग परत येत नाही. नराची फुलं सावलीत ठेवा, पावसात क्रॉसिंग करू नका, कापसाचा पराग पाण्यात फुटतो. जीएमएसवर, म्हणजे जन्मतःच पराग न देणाऱ्या नरवंध्य मादीवर, काम करत असाल तर मादीतली साधारण निम्मी झाडं पराग देणारी निघतात, पहिल्या फुलालाच भिंगानं परागकोष पाहून ती उपटा, उद्यावर ढकललं की संपलं. शाळेतली पोरं प्लॉटवर घेऊ नका, आम्ही घेत नाही. आणि बायांची मजुरी दर बाजाराला द्या.

त्या वर्षीचं राहिलेलं पेमेंट अजून आलेलं नाही. फाइल, फोटो, दोऱ्यांसकट गळालेली बोंडं सगळं जपून ठेवलं आहे, आणि कंपनीचं कोणी आलं की चहाच्या आधी ते टेबलावर काढतो.