दोन्ही कानांचे पडदे

बहारीनमधल्या माझ्या नोकरीचं ते तिसरं वर्ष, १९९८. ऑगस्ट महिना. कान-नाक-घसा विभागाची ओपीडी सकाळी साडेसातला सुरू व्हायची आणि दुपारी एकपर्यंत पन्नास-साठ पेशंट तपासून व्हायचे. अशा गर्दीत माणूस आधी चिठ्ठी वाचतो, मग चेहरा बघतो. त्या दिवशीच्या चिठ्ठीवर दुसऱ्या डॉक्टरने लिहिलं होतं : वयोमानानुसार बहिरेपणा, श्रवणयंत्रासाठी पाठवत आहे. मी सही करून ऑडिओमेट्रीकडे, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीला, धाडणारच होतो.

म्हातारेबुवांना त्यांचा नातू घेऊन आला होता. फाइलवर जन्मतारीख ०१-०१-१९२५. तिकडच्या वृद्धांच्या निम्म्या फाइलींवर एक जानेवारीच असते, त्यामुळे ती खोटी हे उघड होतं. पण साल खरं असल्याचं नातू ठासून सांगत होता. आजोबा 'सनत-अल-तबआ'चे, म्हणजे बुडण्याच्या सालचे. १९२५चा मोत्यांचा मोसम संपत आला असताना एका रात्रीच्या वादळात आखातातल्या कितीतरी होड्या माणसांसकट गेल्या. तेव्हापासून ते वर्ष याच नावाने मोजतात. माझी आजी कुणाचंही वय प्लेगच्या सालापासून मोजायची, त्यातलाच प्रकार. म्हातारेबुवा तेल कंपनीतून निवृत्त झालेले होते. व्यवसायाच्या रकान्यात 'पेन्शनर' एवढंच.

उजव्या कानात ऑटोस्कोप, म्हणजे कान तपासायचा दिवा, घातला आणि थांबलो. पडदा नव्हताच. कडेने एक कड उरली होती, तिच्यावर चुन्यासारखे पांढरे डाग, आणि मधल्या कानाची पोकळी उघड्या घरासारखी समोर दिसत होती. डावा कानही तसाच, फक्त त्यात जुना वाळलेला स्राव. म्हातारपणाने कान असा होत नाही.

"हज्जी, लहानपणी कान फुटायचे का?" मी हिंदीत ओरडून विचारलं.

"फुटायचे कसले, दख्तर," ते म्हणाले, तेही हिंदीत, आणि ती हिंदी थेट भेंडीबाजारची. "घौस."

घौस म्हणजे बुडी. मोत्यांसाठी मारायची ती.

नातू चकित झाला. पणजोबा पाणबुडे होते हे त्याला ठाऊक होतं, आजोबांचं नव्हतं. त्याच्या हिशेबाने आजोबा जन्मभर तेलाचेच. एका अर्थी तो बरोबर होता. १९३२ मध्ये बहारीनला तेल लागलं आणि जपानी कृत्रिम मोत्यांनी तर त्याआधीच बाजार पाडला होता. पण धंदा एका दिवसात मरत नाही. युद्धाच्या काळात धान्य मिळेना, तेलाचं कामही मंदावलं, तेव्हा सोळा वर्षांचा हा पोरगा नाखुद्याकडे, म्हणजे होडीच्या कप्तानाकडे, गेला. (आमच्या मालवणचा नाखवा तो हाच शब्द.) आधी दोन वर्षं होडीवर वरकाम केलं होतं, आता पाण्यात उतरायचं होतं.

बाहेर रांग होती. सिस्टर, केरळच्या, दारातून दोनदा डोकावून गेल्या. मी बसून ऐकत राहिलो.

नाकाला चिमटा, त्याला फिताम म्हणायचे. बोटांना कातडी टोप्या. पायात दगड बांधलेला दोर, कमरेला किंवा गळ्यात जाळीची टोपली. वर होडीवर सैब, म्हणजे दोर ओढणारा, त्याच्या हातात दुसरा दोर. आठ-दहा वाव खाली जायचं, मिनिटभरात हाताला येतील ते शिंपले टोपलीत भरायचे, दोर हलवायचा. की सैब ओढून घेतो. दिवसभरात हेच पन्नास वेळा. वाव म्हटल्यावर मी हसलो. माझे आजोबाही पाण्याची खोली वावातच सांगायचे. दहा वाव म्हणजे साधारण अठरा मीटर, आणि तिथे कानाच्या पडद्यावर हवेच्या जवळजवळ तिप्पट दाब पडतो.

"पहिले आठ दिवस डोक्यात कुणी खिळे ठोकतंय असं व्हायचं. रात्री तोंड दाबून रडायचो. मग एका बुडीत आत टर्र झालं. वर आलो तर कानातून रक्त. नाखुदा खूश. म्हणाला, आता हा घैस झाला."

घैस म्हणजे पाणबुड्या. पडदा फाटला की दुखणं थांबतं हे खरंच आहे, दोन्ही बाजूंना दाब सारखा होतो. पण फाटक्या पडद्यातून तळाचं गार पाणी आतल्या कानापर्यंत गेलं की माणसाला भोवळ येते, वर-खाली कळेनासं होतं. मी तेच विचारलं. म्हाताऱ्याने तळहात गोल फिरवला. समुद्र फिरायचा, म्हणाले. मग दोर धरायचा. दोर जिकडे ताठ, तिकडे आकाश.

औषध काय? गरम तेल आणि कापूस. आमच्याकडे त्यात लसूण असते, बाकी काही फरक नाही.

मग मी ट्यूनिंग फोर्क काढला. ही तपासणी शंभराहून जास्त वर्षं जुनी आणि दोन मिनिटांची. फोर्क आधी कानासमोर धरायचा, मग कानामागच्या हाडावर टेकवायचा, आणि कुठे जास्त ऐकू येतं ते विचारायचं. कानासमोर धरला, काहीच नाही. चेहरा कोरा. हाडावर टेकवला मात्र, आणि म्हातारेबुवांनी डोळे मिटले. फोर्कचा नाद विरेपर्यंत हलले नाहीत.

"पाण्यात असंच ऐकू येतं," ते म्हणाले.

मला एकदम लक्षात आलं की आपण हे पुस्तकात वाचलंय आणि कधी मनावर घेतलेलं नाही. पाण्याखाली माणूस मुख्यतः कवटीच्या हाडातूनच ऐकतो. वर वल्ह्यांचा ठोका पडला की तो दातांत यायचा, ते सांगत होते, आणि शेजारच्या होडीचा दगड तळाला लागला तर छातीत. होडीवरचा नह्हाम, गाणारा, खाली असताना ऐकू यायचा का, असं मी विचारलं. नाही, म्हणाले, गाणं वर आल्यावरच.

मग मी खास आमच्या धंद्याचा प्रश्न विचारला : इतक्या वर्षांत कोणत्या डॉक्टरने हे कान पाहिले?

बहारीनच्या राजधानीत, मनामात, तेव्हा इस्पितळं नव्हती असं नाही. अमेरिकन मिशनचं १९०३ पासून होतं. इंग्रजांच्या पोलिटिकल एजन्सीला, म्हणजे तिथल्या त्यांच्या प्रतिनिधीच्या कचेरीला, जोडलेलं, व्हिक्टोरिया राणीच्या नावाचं वेगळं होतं. एजंटला लोक 'बालियोज' म्हणत. हज्जी बालियोजच्या इस्पितळात एकदा गेले होते, हाताच्या गळवासाठी. तिथला डॉक्टर हिंदी होता, तुझ्यासारखा, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने हात कापून पू काढला आणि पट्टी बांधली. डोकं वळवून कान दाखवावा असं हज्जींना वाटलं नाही, आणि डॉक्टरलाही विचारावंसं वाटलं नाही. कान गेलेला घैस म्हणजे दात पडलेला म्हातारा. त्यात दाखवायचं काय?

दुसरी भेट मुंबईत. युद्ध संपल्यावर ते एका बगल्यावरून, म्हणजे मोठ्या शिडाच्या अरबी गलबतावरून, खजूर घेऊन मुंबईला आले होते. बंदराच्या डॉक्टरने सगळ्यांना रांगेत उभं केलं. दंडावर देवीची खूण आहे का ते बघितलं, जीभ बघितली, डोळे बघितले, काखेत हात घालून चाचपलं.

"काखेत का, दख्तर? पन्नास वर्षं झाली, कुणी सांगितलं नाही."

मी सांगितलं. प्लेगची गाठ काखेत किंवा जांघेत येते. १८९६ मध्ये मुंबईला मांडवीत प्लेग निघाला, आणि मुंबईहून निघालेल्या प्रत्येक जहाजाकडे जग संशयाने बघू लागलं. पुढच्याच वर्षी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि आखातातल्या क्वारंटाइनचा प्रश्न मोठा झाला. इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरच्या ब्रिटिश रेसिडेन्सीचा सर्जन तिथल्या बंदराचं क्वारंटाइनही सांभाळायचा, कारण ते काम रशियाच्या हाती जाईल ही धास्ती होती. म्हणजे डॉक्टर एकाच वेळी रोग्याची नाडी आणि रशियाची चाल बघत होता. हे अर्थातच मी हज्जींना सांगितलं नाही, त्या दिवशी मलाही माहीत नव्हतं. हे निवृत्तीनंतरचं वाचन. लंडनच्या इंडिया ऑफिसची, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याची, आखाताबद्दलची दप्तरं २०१४ पासून कतारच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट वाचायला मिळतात, आणि मालवणला पावसाळ्यात दुसरं काम काय असतं?

लॉरिमर या ब्रिटिश अधिकाऱ्याचं आखाताबद्दलचं गॅझेटियर तिथेच वाचलं. १९०८ आणि १९१५ सालचे ते जाडजूड, गोपनीय खंड. त्यात एक परिशिष्ट मोत्यांचं आहे, एक कॉलरा, प्लेग आणि क्वारंटाइनचं. एकट्या बहारीनच्या नऊशेवर होड्या मोजल्या आहेत. मोजणारी माणसं आळशी नव्हती, हे कबूल करायला हवं. पुढे १९२०च्या दशकात इंग्रजांच्याच दडपणाखाली तिथे सुधारणा झाल्या, प्रत्येक पाणबुड्याला हिशेबाची वही मिळाली, बापाचं कर्ज मुलाच्या मानेवर बसायचं ते थांबलं. हज्जींच्या वडिलांकडे अशी वही होती. किती तांदूळ, किती खजूर, किती रुपये उचल. (रुपयेच, आखातात आपलंच चलन चालायचं.) या सगळ्या कागदांवरून माझं मत असं झालं आहे की जो रोग जहाजात चढू शकतो त्याला खातं मिळतं, अधिकारी मिळतो, परिषद मिळते. कानाचा पडदा कुठे जात नाही. तो होडीवरच राहतो.

पण त्या गोऱ्यांवर बोट ठेवताना मी सही करणारच होतो ती चिठ्ठी मला आठवते, 'वयोमानानुसार'. बालियोजच्या इस्पितळातला तो माझ्यासारखा हिंदी डॉक्टर मला फार परका वाटत नाही.

ऑपरेशनला हज्जींनी सरळ नकार दिला. त्या वयात, इतक्या जुन्या कानांना, मीही आग्रह धरला नाही. वाहणाऱ्या कानात साचा बसवायचं यंत्र चालत नाही. म्हणून हाडातून ऐकवणारं यंत्र मागवलं, चष्म्याच्या काडीत बसवलेलं, जे कानामागच्या हाडावर दाबून बसतं. फाइलवर व्यवसाय बदलून 'पाणबुड्या' असं लिहून पाठवलं. नोंदणी कक्षातून फाइल परत आली. संगणकाच्या यादीत असा व्यवसाय नाही, 'इतर' लिहावं का? लिहा म्हटलं.

तीन आठवड्यांनी हज्जी तो 'कश्मा' लावून आले. तिकडे चष्म्याला कश्माच म्हणतात. कानामागे लाल वळ उठला होता. मी काडी थोडी सैल करून दिली. नातवाने विचारलं, कसं वाटतंय? म्हातारेबुवांनी खोलीभर नजर फिरवली, वर खिडकीतल्या एसीकडे बघितलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आधी ते बंद करा," म्हणाले. "मग बोलू."