शून्याने भागाकार झालाच नव्हता

प्रयोगशाळेतला जुना संगणक बंद पडला आणि नमुन्यांची आकडेमोड करणारा, डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवरचा प्रोग्राम नव्या मशीनवर चालवायचं काम माझ्याकडे आलं. फाइल्स शाबूत होत्या, पण विंडोज ११ ने प्रोग्राम उघडायला साफ नकार दिला. ३२ बिटी विंडोजमध्ये असे १६ बिटी प्रोग्राम एनटीव्हीडीएम या विंडोजच्याच एका भागातून चालायचे आणि ते प्रोसेसरच्या व्हर्च्युअल ८०८६ मोडवर, म्हणजे जुन्या ८०८६ प्रोसेसरसारखं वागण्याच्या सोयीवर, अवलंबून होतं. ६४ बिटी विंडोजखाली प्रोसेसर तो मोड देतच नाही. जुन्या प्रोग्रामसाठीच्या कंपॅटिबिलिटीच्या खिडकीत कितीही खुणा करा, उपयोग शून्य.

नवीनच लिहून घ्या, असं सुचवणारे होते. माझा ठाम विरोध होता. सोर्स कोड हरवलेला, सूत्रं कुठेही लिहून ठेवलेली नाहीत. पंचवीस-तीस वर्षांचे निकाल ज्या सूत्रांवर उभे आहेत, ती अंदाजाने कशी लिहिणार?

म्हणून डॉसबॉक्स घेतला, म्हणजे नव्या मशीनवर जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम. त्याच्या सेटिंगमध्ये आमच्या एका सहकाऱ्याने सायकल्स, म्हणजे नकली संगणकाचा वेग, 'मॅक्स'वर ठेवल्या होत्या. प्रोग्राम सुरू केला की एकच ओळ यायची, 'रनटाइम एरर २००', आणि पुन्हा प्रॉम्प्ट. २०० म्हणजे शून्याने भागाकार. डेटा खराब झाला असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. मला ते पटेना, कारण एरर मेनू दिसण्याच्याही आधी येत होती. प्रोग्रामने डेटाला हातसुद्धा लावला नव्हता.

प्रोग्राम टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग साधनात लिहिलेला होता, हे कळल्यावर उलगडा झाला. त्यातलं सीआरटी युनिट, म्हणजे पडदा आणि वेळ सांभाळणारा तयार भाग, सुरुवातीलाच ५५ मिलिसेकंदांत रिकामा लूप किती वेळा फिरतो ते मोजतं आणि त्या संख्येला ५५ ने भागतं. मशीन फार वेगवान असेल तर उत्तर १६ बिटांत मावत नाही. प्रोसेसर त्यालाही भागाकाराचीच चूक म्हणतो आणि पास्कल तिला '२००' छापतं. शून्याचा संबंधच नाही!

सायकल्स ३००० केल्या. मेनू उघडला.

लॅबमधल्या बाईंनी जुने छापील अहवाल काढले, तेच नमुने पुन्हा भरले. शेवटच्या दशांशापर्यंत आकडे जुळले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

डेटा मात्र अजून पास्कलच्या ६ बाइटी 'रिअल' या दशांश संख्या साठवण्याच्या प्रकारात अडकला आहे: ८ बिट घातांक, ३९ बिट अपूर्णांक, १ बिट चिन्ह. आजच्या बहुतेक भाषा तो थेट वाचत नाहीत. त्याचं रूपांतर करणारा छोटा प्रोग्राम मी लिहायला घेतला आहे.