एक्सेटरचं थिएटर आणि लोखंडी पडदा

लंडनला नाटक बघायला गेलो होतो तेव्हा मध्यंतरात एक जाडजूड लोखंडी पडदा हळूहळू खाली आला, मला वाटलं काहीतरी बिघडलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, रोज पाडतात, चालतोय ना ते प्रेक्षकांना दिसायला हवं म्हणून. आग लागली तर स्टेजवरची आग प्रेक्षकांत येऊ नये यासाठी तो.

म्हणून भाच्याकडे इंग्लंडमधल्याच एक्सेटर शहरात गेलो तेव्हा त्याला म्हटलं, कॅथेड्रल नंतर, आधी मला लाँगब्रुक स्ट्रीटचा कोपरा दाखव. तो म्हणाला, मामा, तिथे काय आहे? खरंच काही नाही. १८८६ मध्ये इथे थिएटर रॉयल उघडलं, सी. जे. फिप्स नावाच्या नामांकित आर्किटेक्टचं, आणि वर्ष व्हायच्या आत, ५ सप्टेंबर १८८७ च्या रात्री ते जळालं. नाटक रंगात आलेलं, वर टांगलेल्या कापडांना गॅसच्या उघड्या दिव्याने पेट घेतला, नटमंडळी मागचं दार उघडून पळाली आणि त्या वाऱ्याने आग भसकन प्रेक्षकांत शिरली. खालचे बरेच लोक वाचले. पण सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या वरच्या गॅलरीला उतरायला जिना एकच, तोही वळणावळणाचा! लोक एकमेकांवर पडत गेले, १८६ माणसं गेली. लोखंडी पडदा ही कल्पना तेव्हा नवी नव्हती बरं का, लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरला १७९४ मध्येच होता. इथे नव्हता.

मग प्रसिद्ध नट हेन्री आयर्विंग यांनी सुरक्षित थिएटर कसं असावं याचा आराखडा पुढे आणला आणि त्यावरून १८८९ मध्ये त्याच जागी नवं थिएटर झालं, या वेळी पडद्यासकट. ते सत्तरेक वर्षं नीट चाललं, दोन महायुद्धं काढली, आणि १९६२ मध्ये पाडून तिथे ऑफिसं बांधली! आगीने नाही, जागेच्या भावाने गेलं असं मी भाच्याला म्हटलं, तो हसला नाही.

संध्याकाळी हायर सेमेटरी या दफनभूमीत गेलो, पाऊस भुरभुरत होता. त्या आगीत गेलेल्यांपैकी ज्यांची ओळखच पटली नाही असे कितीतरी जण तिथे एकत्र पुरलेत, वर दगडी क्रॉस. भाच्याने बाहीने दगडावरचं पाणी पुसलं, अक्षरं वाचायला लागला, आणि मोबाईलचा टॉर्च लावला.