तुम्ही विचारलंत म्हणून: अल्फा सेंटॉरी सुरू करायचाय, फॅक्शन कुठली घेऊ?

कोणीतरी गॉगवर (कॉम्प्युटर गेम विकणारी साइट) सेलमध्ये सिड मायर्स अल्फा सेंटॉरी हा टर्न-टर्नने म्हणजे आळीपाळीने खेळायचा स्ट्रॅटेजी गेम घेतो, चालू करतो, समोर सात फॅक्शनच्या म्हणजे गटांच्या नेत्यांचे सात चेहरे येतात आणि मग मला मेसेज येतो की पहिल्यांदा कोणाला घेऊन खेळू. बरेच जण विचारतानाच प्रवीण लालचं नाव घेतात, आपला माणूस दिसतो म्हणून, आणि लाल चांगलाच आहे, त्याच्याबद्दल खाली लिहितो. पण माझं उत्तर ठरलेलं आहे, पहिल्यांदा डीर्ड्रा स्काय घ्या, तिची फॅक्शन गायाज स्टेपडॉटर्स. ती सगळ्यात सोपी आहे म्हणून नाही, तर या गेमचं मुख्य पात्र त्या सातांपैकी कोणीच नाहीये, मुख्य पात्र आहे तो ग्रह, आणि त्याच्याशी तुमची ओळख डीर्ड्राच सगळ्यात लवकर करून देते.

आधी थोडी पार्श्वभूमी. गेम १९९९ चा, फिराक्सिसचा, नाव सिड मायरचं असलं तरी डिझाइन मुख्यतः ब्रायन रेनॉल्ड्सचं, सिव्हिलायझेशन २ वालाच माणूस. सिव्हमध्ये शेवटी यान अल्फा सेंटॉरीला पाठवलं की जिंकलात, इथे तिथूनच सुरुवात. युनायटेड नेशन्सचं युनिटी नावाचं यान २०६० मध्ये पृथ्वीवरून निघतं, माणसं चाळीस वर्षं गोठवलेल्या झोपेत, आणि अगदी पोचता पोचता रिअॅक्टर बिघडतो, लोक वेळेआधी जागे होतात, गोंधळात कॅप्टन गार्लंडचा खून होतो आणि मग कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही अशी अवस्था होऊन सात नेते आपापली माणसं घेऊन वेगवेगळ्या पॉडमधून खाली उतरतात. ही भांडणं देशांची नाहीयेत, विचारांची आहेत. झाखारोव्हला विज्ञान हवंय, मिरियमला देव, सँटियागोला बंदूक, मॉर्गनला धंदा, यांगला शिस्तीतली पोळ्यासारखी वसाहत, लालला लोकशाही, आणि डीर्ड्राला या नवीन ग्रहाशी जुळवून घ्यायचंय.

आता ग्रह. मॅपवर सगळीकडे लालसर गुलाबी बुरशी पसरलेली दिसेल, झेनोफंगस. सुरुवातीला ती फक्त अडचण वाटते, युनिट म्हणजे तुमची तुकडी त्यात शिरली की अडकते, शेती होत नाही, काढायला फॉर्मर (जमिनीची कामं करणारं युनिट) लावावा लागतो आणि त्यात टर्नच्या टर्न जातात. आणि त्यातूनच बाहेर येतात माइंड वर्म्स. बोटाएवढे किडे, पण हजारोंच्या झुंडीने येतात, आधी मनात भीती घालून माणसाला जागच्या जागी खिळवतात, मग मेंदूत शिरून अंडी घालतात. वाचायलाच कसंतरी होतं, पण खरी कमाल पुढे आहे. त्यांच्याशी लढताना तुमच्या बंदुकीची ताकद आणि चिलखताचा आकडा गेम बघतच नाही, तिथे सगळा हिशोब मोराल म्हणजे मनोधैर्याचा, आणि जमिनीवर जो आधी हल्ला करतो त्याला तीनास दोन असा फायदा. म्हणजे तुम्ही छान मिसाइल लाँचरवालं महागडं युनिट बनवून बेसमध्ये म्हणजे वसाहतीत बसवलंय आणि फंगसमधून वर्म्स निघून त्यावर चालून आले की ते युनिट घाबरून मरतं, आणि कच्चं स्वस्तातलं स्काउट आधी बाहेर पडून स्वतः हल्ला करतं ते जिंकून येतं. हा किडा मनावर हल्ला करतो असं गेमची गोष्ट सांगते आणि नियमही तंतोतंत तसाच वागतो. मला हा गेम प्राणप्रिय आहे तो याच्यासाठी.

डीर्ड्राला प्लॅनेट रेटिंग (ग्रहाशी किती जुळतं त्याचा आकडा) +१ मिळतं, त्यामुळे वर्म्सवर हल्ला केला की कधीकधी ते मरायच्या ऐवजी तुमचे होतात! बाकीचे सहा जण ज्याला घाबरून असतात तोच प्राणी तुमच्या बेसची राखण करतो. शिवाय तिची सुरुवातच सेंटॉरी इकॉलॉजी या तंत्रज्ञानाने होते, म्हणजे पहिल्या टर्नपासून फॉर्मर बनवता येतात, आणि ज्याने हा गेम खेळलाय त्याला माहितीये की लवकर फॉर्मर म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

फॉर्मरवरून आठवलं, इथला पाऊस. या ग्रहावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, डोंगराच्या पश्चिम उतारावर पाऊस पडतो आणि पूर्वेची बाजू कोरडी राहते. साताऱ्याच्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही, महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात दहिवडीला पाचशेच्या आसपास. फरक इतकाच की इथे डोंगर तुम्ही उभा करू शकता. फॉर्मरने जमीन वर उचलायची, टाइल टाइल (मॅपवरचा एकेक चौकोन) करत रांग लावायची, आणि पलीकडे पूर्वेला बसलेल्या शेजाऱ्याची शेती सुकत जाते, एक गोळी न झाडता. मी हे पहिल्यांदा यांगच्या विरुद्ध केलं तेव्हा त्याच्या हिरव्या टाइल्स एकामागून एक पिवळ्या पडताना बघून छातीत धस्स झालं होतं, कारण ते युद्ध आहे हे मला तोपर्यंत जाणवलंच नव्हतं.

पण ग्रहसुद्धा हिशोब ठेवतो. खाणी वाढवल्या, बोअरहोल म्हणजे खोल विवरं खणली (एका बोअरहोलमधून ६ मिनरल आणि ६ एनर्जी, मोह होतोच) की बेसच्या स्क्रीनवर इको-डॅमेजचा आकडा चढायला लागतो आणि एक दिवस तुमच्या तयार शेतावरच फंगस उगवतो आणि सोबत वर्म्स. फारच हात मारलात तर समुद्राची पातळी वाढून किनाऱ्याचे बेस पाण्याखाली जातात. सोशल इंजिनिअरिंगमध्ये, म्हणजे समाजव्यवस्था निवडायच्या पडद्यावर, फ्री मार्केट घेतलं की इकॉनॉमी +२ पण प्लॅनेट -३, ग्रीन घेतलं की प्लॅनेट +२ पण ग्रोथ -२. डीर्ड्राला फ्री मार्केट घेताच येत नाही, लालला पोलीस स्टेट नाही, झाखारोव्हला फंडामेंटलिस्ट नाही, मॉर्गनला प्लॅन्ड नाही. नेत्याचा स्वभाव कळायला त्याचं चरित्र वाचत बसायची गरज नाही, तो काय निवडू शकत नाही एवढं बघा, माणूस कळतो.

पुढे जाऊन कळतं की फंगस नुसती वनस्पती नाही, अख्ख्या ग्रहाचं मज्जातंतूंचं जाळं आहे, आणि ग्रह तुमच्याशी बोलायला लागतो, आधी तुटक, मग जास्त जास्त स्पष्ट. तो कोट्यवधी वर्षांत पुन्हा पुन्हा जागा व्हायच्या काठावर आलाय आणि प्रत्येक वेळी तो बहर आपल्याच भाराने कोसळून सगळी जीवसृष्टी सोबत घेऊन गेलाय. ट्रान्सेंडन्सचा विजय म्हणजे या वेळी तसं होऊ न देता माणसाचं मन त्याच्यात मिसळवणं. मॉर्गन घेऊन पहिल्याच गेममध्ये बाजार काबीज करून इकॉनॉमिक विजय मिळवलात तर हे सगळं तुमच्या हातून निसटतं, म्हणून एवढा आग्रह धरतोय.

आता लाल. दुसरा गेम त्याच्याबरोबर खेळा. यानावरचा डॉक्टर, आणि युनायटेड नेशन्सची सनद अजून उराशी धरून बसलेला एकटाच माणूस. सगळ्या नेत्यांच्या कौन्सिलच्या निवडणुकीत त्याची मतं दुप्पट धरली जातात, दर चार नागरिकांमागे एक टॅलेंट (खूश नागरिक) जास्त मिळतो, आणि कारभार कागदी असल्यामुळे एफिशियन्सी म्हणजे कार्यक्षमता -१. गेममध्ये एका ठिकाणी त्याचं एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की जो तुम्हाला माहितीपासून दूर ठेवतो तो मनातून तुमचा मालक व्हायची स्वप्नं बघत असतो. ते तुम्ही गेममध्येच त्याच्या आवाजात ऐका. १९९९ साली एका अमेरिकन गेममधला भारतीय माणूस योगी नाही, गंमतीचा अॅक्सेंट नाही, सरळ लोकशाहीची बाजू मांडणारा नेता आहे, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

सेटिंगचं विचारलंत तर डिफिकल्टी स्पेशालिस्ट किंवा टॅलेंट (इथे ही पातळीची नावं आहेत) ठेवा, सगळ्यात सोप्या सिटिझनवर ग्रह अगदीच मवाळ वाटतो. सुरुवातीला काय करावं सुचेना तर फॉर्मरने जंगल लावत सुटा, एका टाइलला १ अन्न, २ मिनरल, १ एनर्जी, आपोआप पसरतं आणि इको-डॅमेजही आटोक्यात राहतो. आणि सोबत एलियन क्रॉसफायर नावाचं एक्सपान्शन म्हणजे जोड-भाग मिळतो तो पहिल्यांदा लावू नका. त्यात सात नव्या फॅक्शन आहेत, त्यातल्या दोन चक्क एलियन, आणि हा ग्रह असा कसा झाला याचं उत्तर ते फार लवकर देऊन टाकतात.