दोन बहिणी आणि तीन मिलिमीटर

बर्मिंगहॅमच्या आसपासच्या घरांत माळ्यावर पितळ सापडलं नाही तरच नवल. दाराच्या कड्या, पलंगाचे खांब, बटणं, दिवे असं काय काय या गावाने जगाला पुरवलं. मी जिथे कॅटलॉग लिहिते त्या लहानशा लिलावघरात मूल्यांकनाच्या दिवशी कोणी ना कोणी मेणबत्तीदानांचं खोकं घेऊन येतंच. बहुतेक खोक्यांचा निकाल दहा मिनिटांत लागतो. पितळेला सध्या उठाव नाही, आणि आजीच्या फायरप्लेसवरची झळाळती जोडी म्हणजे घबाड ही लोकांची समजूत मोडायचं काम माझ्या वाट्याला येतं.

त्या गुरुवारी दोन बहिणी आल्या. दोघी सत्तरीच्या पुढच्या, आईचं घर रिकामं करत होत्या. थोरलीच्या हातात फाइल, धाकटीच्या हातात केळ्यांचं खोकं. फाइलमध्ये विम्यासाठी पूर्वी कधीतरी करून घेतलेला मूल्यांकनाचा कागद होता: ‘दुसऱ्या जॉर्जच्या काळातील पितळी मेणबत्तीदानांची जोडी, अंदाजे १७५५’. पुढचा आकडा चांगला घसघशीत.

“जोडी फोडायची नाही म्हणून विकतोय,” थोरली म्हणाली. “नाहीतर एकेक घेतलं असतं आम्ही.”

जोडी खोक्याच्या तळाशी होती, टॉवेलात गुंडाळलेली. वरचे नग आधी काढले. मधाच्या पोळ्यासारखी फुगीर गाठ असलेली एक व्हिक्टोरियन जोडी निघाली. तिच्या पोकळ दांड्यात सळई होती, खालून दाबली की मेणबत्तीचं उरलेलं बूड वर येतं. असल्या जोड्या इथे पैशाला पासरी. मग निजायच्या खोलीत न्यायचं, कान असलेलं बुटकं मेणबत्तीदान. त्याच्या पोटाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखा छोटा शिक्का होता. १८४२ ते १८८३ या काळात डिझाइनची सरकारदरबारी नोंद केली की हा शिक्का मिळे. माथ्यावरच्या गोलात रोमन एक म्हणजे धातूकाम, त्याखालच्या कोपऱ्यात ‘पी’ म्हणजे १८५१. अर्थात हे साल नोंदणीचं, वस्तू नंतरही निघालेली असू शकते. तरी पितळ एवढं सरळ उत्तर क्वचितच देतं.

तिसरं डच घडणीचं, घंटेसारखी बैठक आणि दांड्याच्या मध्यावर रुंद तबक. या घडणीला धंद्यात हेमस्कर्क म्हणतात. १५९६-९७च्या हिवाळ्यात याकोब व्हान हेमस्कर्क आणि विलेम बारेंट्स या डच दर्यावर्दींचं जहाज नोव्हाया झेम्ल्या बेटापाशी बर्फात अडकलं आणि त्यांच्या माणसांनी लाकडी घर बांधून तो हिवाळा काढला. १८७१मध्ये एका नॉर्वेजियन कप्तानाला ते घर सापडलं, आणि आतल्या सामानात मेणबत्तीदानंही होती. ते सामान आज अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. खोक्यातल्या नगाचा त्या हिवाळ्याशी काही संबंध नव्हता. आतून बोट फिरवलं तर वाळूचा खरखरीतपणा जसाच्या तसा. गेल्या शतकातलं काम.

मग टॉवेल सोडला. जोडी देखणी होती यात वाद नाही. सहा पाकळ्यांची बैठक, वर निमुळता होत गेलेला गाठीगाठींचा दांडा, मेणबत्तीच्या नळीच्या काठालाही तशाच पाकळ्या. ही इंग्लिश घडण साधारण १७५० ते १७६५ची. चांदीच्या कामातली फॅशन पितळकाऱ्यांनी उचलली, म्हणजे ज्यांना चांदी परवडत नव्हती त्यांच्या टेबलावरही तोच डौल आला. कागदावरचं १७५५ त्यामुळे वरवर अगदी योग्य.

दोन्ही नग एकदम दोन हातांत उचलले आणि डावा हात खाली गेला.

काट्यावर ठेवले. एक ४३० ग्रॅम, दुसरं ६४०. हाती बनवलेल्या जोडीत थोडाफार फरक चालतो, पण दोनशे ग्रॅम म्हणजे फारच झालं. दोन्हींच्या तळाला हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलेली होती, टेबलाला ओरखडे पडू नयेत म्हणून. मी विचारलं, “ही काढू का?” थोरलीने फाइलीकडे पाहिलं, मग मान हलवली. बोथट पात्याने हलक्या हाताने सोलली. विम्याचा कागद लिहिणाऱ्याने ती उचलून पाहिली नव्हती हे उघड होतं; जुना डिंक अखंड होता.

हलक्या नगाचं पोट गुळगुळीत, तपकिरी. मधोमध लेथवर कातल्याची बारीक वर्तुळं. दांड्याचं खालचं टोक बैठकीच्या भोकातून आरपार काढून, हातोडीने ठोकून, रिव्हेटसारखं पसरवलेलं. जड नगाचं पोट वेगळं: वाळूचे कण उमटलेले, त्यावर काळा रंग फासलेला, आणि मधोमध लोखंडी स्क्रू. तो सैलच होता, दोन बोटांनी फिरला. आट्यांवर थ्रेड गेज लावलं तर इंचाला वीस आटे, जाडी पाव इंच. म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं हे माप मांडलं १८४१मध्ये, आणि पुढे ब्रिटनमधल्या प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात ते पोचलं. दुसऱ्या जॉर्ज राजाला वारून तेव्हा ऐंशी वर्षं झाली होती.

आता दांडा. थंड पितळेवर तोंडाची वाफ सोडायची आणि ती विरताना बघायचं, ही युक्ती इथल्या प्रत्येक जुन्या व्यापाऱ्याला येते. हलक्या नगाच्या दांड्यावर वाफ विरता विरता केसासारखी एक उभी रेघ उमटली. अर्धा फिरवला, समोरच्या बाजूलाही तशीच. पितळ महाग होतं, तेव्हा दांडा भरीव ओतणं परवडत नसे. म्हणून उभे दोन अर्धे ओतायचे, आतून पोकळ, आणि मग एकमेकांना लावून पितळी डाख द्यायचा. डाखाची मिसळण किंचित वेगळी, म्हणून अडीचशे वर्षं घासूनही सांधा पुरता लपत नाही. इंग्लंडमध्ये ही रीत सतराव्या शतकाच्या अखेरीपासून साधारण १७८०पर्यंत चालली. पुढे आत गाभा धरून अख्खा पोकळ दांडा एका ओतात निघू लागला. जड नगावर वाफ टाकली, पुन्हा टाकली. रेघ नाही. टिचकी मारली तर आवाज ठस्स. भरीव.

कारागिराचं नाव शोधलं, नव्हतं. जॉर्ज ग्रोव्ह, जोसेफ वुड अशा मोजक्याच लोकांनी त्या काळी मेणबत्तीदानांवर नाव ठोकलं. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांची चित्रांची नमुनापुस्तकं देशोदेशी फिरत, पण त्यांवरही बहुधा मालकाचं नाव नसे. गिऱ्हाइकाला नाव कळलं तर तो थेट कारखान्यात जाईल आणि मधल्या दलालाचं पोट कसं भरणार?

इथवर नवल काही नव्हतं. एक नग जुना, एक नंतरचा, असं बरेचदा होतं. मला अडकवलं ते दोघांच्या सारखेपणाने. वेगळ्या कारखान्यातली प्रतिकृती असती तर कुठेतरी गाठीची जाडी, पाकळीची वळणं निसटली असती. इथे काहीच निसटत नव्हतं. कॅलिपर काढला. जुना नग १९१ मिलिमीटर उंच, नवा १८८. बैठकीची रुंदी ११४, नव्याची ११२ला किंचित वर. नळी मोजली, गाठी मोजल्या. सगळीकडे शेकडा दीडची तूट.

माझं आजोळ पुण्यात तांबट आळीजवळ. दुपारची झोप मठारकामाच्या ठोक्यांत काढायची सवय. पण तिकडचं काम तांब्याच्या पत्र्याचं, ठोकून घडवायचं. ओतकामाचा हिशेब मी इथे शिकले. वितळलेलं पितळ साच्यात थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण तीन सोळांश इंच, म्हणजे शेकडा दीड. साचेवाले म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करतात. पण कोणी तयार वस्तूच वाळूत दाबून साचा घेतला, तर निघणारी नक्कल तेवढी लहान निघणारच.

खात्री पटवली एका खोचेने. जुन्या नगाच्या एका पाकळीच्या काठाला कधीतरी मार बसून तांदळाच्या दाण्याएवढी खोच पडली होती, कडा अजून नखाला लागतात. भिंगाखाली नवा नग फिरवला. त्याच पाकळीला, त्याच जागी, तीच खोच. फक्त कडा गोल, मऊ, ओतून आलेल्या. या नगाला मार बसलाच नव्हता. त्याने दुसऱ्याची जखम साच्यातून उचलली होती.

मी सगळं दोघींसमोर मांडलं, भिंग हातात दिलं. थोरलीचा चेहरा उतरला. “म्हणजे एक खोटं?”

“खोटं नाही म्हणणार मी. हे दुसरं या पहिल्यावरूनच काढलंय, शंभरेक वर्षांत कधीतरी. विकण्यासाठी केलेलं वाटत नाही. फसवायचं असतं तर सरळ स्क्रू कोण लावेल?”

धाकटी खोच बघत होती ती एकदम हसायला लागली. “अगं, आजोबा! आई काय म्हणायची आठवतं? उजवीकडचं बाबांचं.”

आजोबा बर्मिंगहॅमलगतच्या स्मेथिकला पितळेच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, साचे भरायचे. “आम्हाला वाटायचं, त्यांना कुठेतरी बक्षीस मिळालेलं असणार,” धाकटी मला सांगत होती. “उजवीकडचं त्यांचं म्हणजे त्यांनी ओतलेलं, हे कधी डोक्यातच आलं नाही.” या भागातल्या कारखान्यांत पाळीच्या वेळात गुपचूप घरचं काम उरकायची जुनी चाल होती. कामगार अशा कामाला ‘फॉरिनर’ म्हणत आणि फोरमन बघून न बघितल्यासारखं करी. जोडीतलं एक कधी हरवलं किंवा मोडलं असेल, आणि त्या माणसाने उरलेलं पिशवीत घालून कामावर नेलं असेल. काळा रंग, बनात, सगळा नीटनेटका कारभार.

मी आकडे सांगितले. खरी जोडी असती तर अडीचशे पौंडांच्या आसपास गेली असती. एकटं जुनं साठ ते ऐंशी. आजोबांचं लिलावात दहा पौंडांनाही जाणं कठीण.

“मग जुनं विका,” थोरली लगेच म्हणाली. “दुसरं मी नेते.”

“तू का? फाउंड्रीत त्यांचा डबा पोचवायला कोण जायचं?”

“तू जायचीस, कारण मी शाळेत असायचे!”

जोडी फोडायची नाही म्हणून आलेल्या दोघी आता नकलेवरून भांडत होत्या. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावरही थोरलीचे हातवारे खिडकीतून दिसत होते. जुन्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही, पावती घ्यायला धाकटी परत आली तेवढीच.

कॅटलॉगमध्ये साल छापायचं म्हणून मी दोन्ही नगांची धातुपरीक्षा करून घेतली. बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टर या सराफी भागात ओळखीच्या एका पारख्याकडे क्ष-किरणांचं हातात धरायचं यंत्र आहे, नग न खरवडता घटक सांगतं. आजोबांचं मेणबत्तीदान त्यासाठी थोरलीने उसनं दिलं, म्हणजे पहिली फेरी तिने जिंकलेली दिसली. जुन्यात जस्त शेकडा २६, नव्यात ३७. पूर्वी युरोपात तांबं, कोळसा आणि कॅलमाइन नावाचा जस्ताचा दगड एकत्र मुशीत तापवून पितळ करत. या रीतीने जस्त शेकडा तीसच्या फारसं वर जात नाही. सुटं जस्त तांब्यात घालायची सोय नंतरची: ब्रिस्टॉलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळायचं पेटंट घेतलं १७३८मध्ये, आणि त्या जस्तापासून थेट पितळ करायचं पेटंट जेम्स एमर्सनने १७८१मध्ये. (उदयपूरजवळच्या जावरला मध्ययुगापासून जस्त गाळलं जात होतं, हे मी पारख्याला दरवेळी ऐकवते आणि तो दरवेळी चहा विचारतो.) एकट्या आकड्यावर विसंबू नये. आम्लाने घासलेल्या पितळेच्या पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं, गुलाबी डाग पडतात, आणि यंत्र पृष्ठभागच वाचतं. घरचं जुनं पितळ चिंचेने घासणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. इथे मात्र आकडे, सांधा, स्क्रू आणि खोच एकाच दिशेला बोट दाखवत होते.

कॅटलॉगमध्ये लिहिलं: ‘इंग्लिश पितळी मेणबत्तीदान, अंदाजे १७५५, पाकळीदार बैठक, दोन अर्ध्यांत ओतलेला दांडा, काठाला एक खोच, सुटा नग.’ ८५ पौंडांना गेलं. घेणारा व्यापारी असे सुटे नग फळीवर साठवून ठेवतो आणि जोडीदार मिळेपर्यंत वर्षानुवर्षं थांबतो. त्याने पैसे भरायच्या आधीच पालथं करून पाहिलं.

दोन दिवसांनी थोरलीचा फोन. जुनं अजून तुमच्याकडे आहे का, त्यावरून आणखी एक ओतून घेता येईल का? म्हटलं, ते गेलं. मग ती जरा थांबून म्हणाली, “आजोबांच्यावरून?”

येईल की. बर्मिंगहॅमलगतच्या ब्लॅक कंट्री या जुन्या कारखानदारी भागात अजून लहान फाउंड्र्या आहेत, असली किरकोळ कामं घेतात. मी एका ठिकाणाचा पत्ता दिला, बैठकीखाली साल ठोकून घ्या म्हणून बजावलं, आणि आधीच सांगितलं की हे आणखी तीन मिलिमीटर बुटकं निघेल.

“मग ते धाकटीला,” ती म्हणाली. “तिला चालेल. ती आहेच बुटकी.”