साठ तासांची टीम: कॉलेजच्या जलतरण आणि डायव्हिंग संघाची तयारी

जुलैच्या पहिल्या आठवड्यात जिमखान्याची नोटीस लागते आणि ‘पोहता येतं’ म्हणणारी पंचवीस-तीस मुलं-मुली नावं देतात. सप्टेंबरअखेरपर्यंत बारा आठवडे मिळतात. आठवड्याला पाच सकाळी, रोज सव्वा तास, म्हणजे कागदावर ७५ तास. त्यातून गणपतीचे दहा दिवस, एक आठवडा अंतर्गत परीक्षा आणि धो धो पावसात टँक बंद राहतो ते दिवस वजा करा. हातात साठेक तास उरतात. कॉलेजचा स्वतःचा टँक नसतो, पालिकेच्या किंवा एखाद्या क्लबच्या टँकमध्ये दोन लेन भाड्याने मिळतात आणि त्यात बारा जण असतात.

वर्षभर क्लबमध्ये पोहणारा मुलगा एका सकाळी पाच-सहा हजार मीटर कापतो. आपल्या सव्वा तासात दोन हजार झाले तरी खूप. मीटरच्या शर्यतीत आपण त्याला गाठू शकत नाही, हे पहिल्या दिवशीच मान्य करून टाकावं. साठ तास तिथे खर्च करायचे, जिथे थोड्या वेळात सेकंद सुटतात: भिंत, ब्लॉक (काठावरचा सूर मारायचा चौथरा), रिलेचा बदल आणि डायव्हिंगचा बोर्ड. बहुतेक कॉलेजं नेमकं उलटं करतात. महिनाभर लांब लांब पोहायला लावतात आणि टर्न, म्हणजे भिंतीशी वळणं, शेवटच्या आठवड्यात शिकवतात.

पहिल्या आठवड्यात फक्त मोजमाप. प्रत्येकाचं ४०० मीटर फ्रीस्टाइल आणि एक दिवस सोडून २०० मीटर, दोन्ही पूर्ण जोर लावून. समजा ४०० ला ५ मिनिटं २० सेकंद लागले आणि २०० ला २ मिनिटं ३२ सेकंद. फरक १६८ सेकंदांचा, आणि तो २०० मीटरचा. म्हणजे १०० मीटरला ८४ सेकंद, १:२४. हा त्या मुलाचा दमसासाचा वेग. पुढचे दोन महिने त्याचा मुख्य सेट याच आकड्याभोवती फिरतो: १०० मीटर दहा वेळा, प्रत्येक १:२४ च्या आसपास, मध्ये १५ ते २० सेकंद विश्रांती. पहिलं १:१५ आणि शेवटचं १:४० असं कोणी पोहत असेल तर तो सेट वाया गेला. चार आठवड्यांनी चाचणी पुन्हा घ्यायची. ज्यांचं २०० सुधारलं पण ४०० तिथेच राहिलं, त्यांचा हा आकडा उलट खालावलेला दिसेल. घाबरायचं कारण नाही, वेग वाढलाय, दम अजून वाढायचाय.

त्याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: २५ मीटरला किती हात मारावे लागतात, आणि भिंतीला ढकलून हात-पाय न हलवता नुसतं सरळ सरकत शरीर किती लांब जातं. दुसरा आकडा पाच मीटरच्या आत असेल तर त्या मुलाला आधी शरीर ताणायला शिकवा: हातावर हात, दंड कानांना चिकटलेले, हनुवटी आत, पोट घट्ट. बाकी सगळं नंतर.

गावाकडून आलेली मुलं इथे पटकन ओळखू येतात. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत शिकलेला मुलगा डोकं वर काढून पोहतो, कारण विहिरीत आणि नदीत समोर बघावंच लागतं. दम भरपूर, पण डोकं वर म्हणजे कंबर खाली, आणि पाण्याचा अडथळा वाढतो. त्याला पहिले दोन आठवडे श्वासासाठी डोकं बाजूला फिरवायला शिकवावं, वेगाचं नाव काढू नये. याच मुलाला एकदा बोर्डावरही उभं करून बघा. काठावरून सूर मारायची भीती मोडलेली असते, आणि डायव्हिंगला माणसं याच मुलांत मिळतात.

रोजच्या सव्वा तासाची मांडणी फार फिरवू नये. पाण्याबाहेर दहा मिनिटं खांदे, कंबर आणि रबर बँड. मग ४०० मीटर सावकाश, ५० मीटर आठ वेळा तंत्रासाठी, मुख्य सेट १००० मीटर, २५ मीटर सहा वेळा सुरुवात किंवा टर्न, शेवटी २०० मीटर मोकळं. बेरीज २१५०. लेनमध्ये सहा जण असले तर एका कडेने जायचं, दुसऱ्या कडेने यायचं, दोघांत पाच सेकंदांचं अंतर, आणि मागचा पायाला लागला की भिंतीशी थांबून त्याला पुढे सोडायचं. हा नियम पाळला नाही तर टर्नचा सराव होतच नाही, भिंतीशी नुसती गर्दी होते.

टर्नवर सविस्तर बोलायला हवं. २५ मीटरच्या टँकमध्ये १०० मीटरला तीन भिंती येतात, २०० ला सात. फ्रीस्टाइलच्या टर्नमध्ये चुका ठरलेल्या. भिंतीआधीच्या शेवटच्या हाताला श्वास घेतला जातो आणि वेग मरतो. कोलांटी लांबून घेतली की पाय भिंतीला जेमतेम टेकतात. ढकलताना शरीर वर जातं. आणि बाहेर आल्यावर पहिल्याच हाताला पुन्हा श्वास. आत जाताना दोन हात आणि बाहेर येताना एक हात श्वास नाही, एवढं एक जरी अंगवळणी पडलं तरी घड्याळात दिसतं. भिंतीनंतर पाण्याखाली १५ मीटरपर्यंत राहायला परवानगी आहे, पण डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारायची लाथ) कच्ची असेल तर सहा-सात मीटरला वर आलेलं बरं. खाली रेंगाळणं म्हणजे ब्रेक लावणं.

बॅकस्ट्रोकसाठी भिंतीपासून ५ मीटरवर, पाण्याच्या १.८ मीटर वर झेंड्यांची दोरी लागते. अनेक टँकमध्ये ती फक्त स्पर्धेच्या दिवशी बांधतात. आपली दोरी आपण न्यावी आणि रोज बांधावी. झेंड्यापासून भिंतीपर्यंत किती हात, हे प्रत्येकाला पाठ हवं, तेही दमलेलं असताना, कारण दमल्यावर एक हात वाढतो. झेंड्याविना सराव केलेला मुलगा स्पर्धेत एकतर डोकं आपटतो नाहीतर तीन मीटर आधीच वळून बघतो आणि बाद होतो.

बाद होण्याची बाकी कारणंही तीच तीच. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागायला हवेत. दमलेला एक हात मागे राहतो. ब्रेस्टस्ट्रोकच्या सुरुवातीला आणि प्रत्येक टर्नला पाण्याखाली एकच डॉल्फिन किक चालते. आयएममध्ये, म्हणजे चारही प्रकार एकाच शर्यतीत पोहताना, बॅकस्ट्रोक संपवताना पाठीवर असतानाच भिंतीला हात लावायचा. आणि ब्लॉकवर सुटण्याच्या इशाऱ्याआधी हालला की दुसरी संधी नाही. हे सगळं सरावातच पंचासारखं पाहावं. चुकला तर ते २५ मीटर धरू नये, पुन्हा पोहायला लावावं.

ब्लॉकवरून सूर मारण्याचा सराव उथळ टोकाला करू नका. नियमाप्रमाणे सुरुवातीच्या ब्लॉकसमोर भिंतीपासून १ ते ६ मीटरपर्यंत पाणी किमान १.३५ मीटर खोल हवं, आणि आपल्याकडच्या जुन्या टँकांचं उथळ टोक तीन-साडेतीन फूटच असतं. मानेची दुखापत तिथेच होते.

रिले हा कमी खर्चात मिळणारा सगळ्यात मोठा फायदा. पुढच्याचे पाय ब्लॉकवरून सुटण्याआधी येणाऱ्याचा हात भिंतीला लागलेला हवा, एवढाच नियम. नवी टीम भीतीपोटी हात लागलेला बघते आणि मग उडी मारते. त्यात अर्धा-पाऊण सेकंद जातो. येणाऱ्याच्या शेवटच्या हाताबरोबर आपले हात फिरवायला सुरुवात केली तर तो वेळ पाव सेकंदाच्या खाली येतो. तीन बदलांत सेकंद-दीड सेकंद सुटतो, आणि तेवढ्यासाठी एकट्या पोहणाऱ्याला अख्खा सीझन घाम गाळावा लागतो. मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा ब्लॉकच्या रेषेत, पाण्याजवळ धरून रोज चार बदल तपासा. येणाऱ्यालाही सांगा: शेवटचे पाच मीटर श्वास नाही, सरकत येणं नाही. तो रेंगाळला की पुढचा आधी उडतो आणि दोष उगाच त्या पुढच्यावर येतो. मुलींच्या रिलेला चौथी मुलगी मिळत नाही, ही दरवर्षीची रड. मिळाली नाही तर जुलैतच एक नवशिकी घेऊन तिला फक्त ५० मीटर फ्रीस्टाइल आणि बदल एवढंच शिकवा. तीन महिने पुरतात.

आता डायव्हिंग. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बोर्डावर उतरणारे मोजकेच असतात. म्हणून अवघड उड्यांमागे लागण्याची गरज नसते, हे गणितानेच दिसतं. पाच पंच असतील तर सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गुण काढतात, उरलेल्या तीनची बेरीज करून काठिण्यांकाने गुणतात. १ मीटर बोर्डावर साधा पुढचा सूर, पाइकमध्ये (गुडघे सरळ ठेवून कंबरेत वाकून), म्हणजे १०१ बी, काठिण्यांक १.३. स्वच्छ मारला आणि ७ मिळाले तर २१ गुणिले १.३, म्हणजे २७.३. टकमध्ये (गुडघे छातीशी घेऊन) अडीच कोलांट्यांची १०५ सी, काठिण्यांक २.४, कशीबशी मारली आणि साडेतीन मिळाले तर १०.५ गुणिले २.४, म्हणजे २५.२. वर पाठ लाल होते ती वेगळीच.

आकड्यांची भाषा टीमला पहिल्या दिवशी शिकवावी. पहिला आकडा गटाचा: १ पुढे, २ मागे, ३ रिव्हर्स (पुढे उडून मागे फिरणं), ४ इनवर्ड (पाण्याकडे पाठ करून बोर्डाकडे फिरणं), ५ पिळाच्या उड्या. तिसरा आकडा अर्ध्या कोलांट्यांचा. पिळाच्या उडीत दुसरा आकडा दिशेचा आणि चौथा अर्ध्या पिळांचा, म्हणून ५१२२ डी म्हणजे पुढे, एक कोलांटी, एक पूर्ण पीळ, आणि डी म्हणजे शरीराची मोकळी ठेवण. नव्या मुलासाठी १ मीटरवर १०१, ४०१, २०१ या क्रमाने जावं. ३०१ सगळ्यात शेवटी, कारण त्यात पुढे झेपावून डोकं बोर्डाकडे येतं. ती आधी पट्टा बांधून ट्रॅम्पोलिनवर. पट्टा नसेल तर रिव्हर्स शिकवूच नये, यादी दुसऱ्या उड्यांनी भरावी.

बोर्ड रोज तपासायचा. बोल्ट, बिजागऱ्या, पृष्ठभागावरचा खरखरीतपणा. पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते घासून काढावं लागतं. खालचं चाक मागे सरकवलं की बोर्ड मऊ होतो, पाण्याकडे सरकवलं की ताठ. हलक्या नवशिक्याला फार मऊ बोर्ड दिला की त्याचा ताल चुकतो, कारण बोर्ड वर यायच्या आतच तो उडालेला असतो. पाण्याची खोली १ मीटर बोर्डाखाली किमान ३.४ आणि ३ मीटर बोर्डाखाली किमान ३.७ मीटर हवी. तळ दिसत नसेल इतकं पाणी गढूळ असेल तर त्या दिवशी डायव्हिंग नाही.

पहिले दोन आठवडे चालणं आणि हर्डल (बोर्डाच्या टोकाशी पडण्यासाठी एका पायावरून घेतलेली उडी) एवढंच, आधी जमिनीवर आखलेल्या रेषेवर, मग बोर्डावरून नुसत्या पायांवरच्या उड्या. हर्डलनंतर पाय अगदी टोकाशी पडले पाहिजेत. वीतभर मागे पडले की बोर्ड झेप देत नाही. नवखा मुलगा पुढे झुकतो, त्यामुळे उंच जाण्याऐवजी लांब जातो आणि उडी सपाट होते. पाण्यात शिरताना मुठी नकोत: एका हाताने दुसऱ्याचा अंगठा धरायचा, तळवा पाण्याकडे सपाट, कोपरं घट्ट. ३ मीटरवरून नुसतं पडलं तरी पाणी ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने हातावर येतं. कोपर ढिलं असेल तर तो मार डोक्यावर बसतो. मनगटाला पट्टी बांधावी. स्पर्धेत सुरुवात करून थांबलं तर प्रत्येक पंचाचे २ गुण कापले जातात, दुसऱ्यांदा थांबलं तर उडी बाद. थांबायची सवय सरावातच मोडा.

खांद्यांची काळजी पहिल्या महिन्यातच घ्यावी लागते. हातातले पॅडल पहिले चार आठवडे बंद. पुण्याच्या टीमला ढोल-ताशा पथकाचा प्रश्न वेगळा: ऑगस्टमध्ये संध्याकाळी दोन तास ढोल वाजवून सकाळी बटरफ्लाय केला की खांदा पुढच्या बाजूने दुखायला लागतो. पथक सोडायला सांगून कोणी सोडत नाही, म्हणून त्या आठवड्यांत त्या मुलांना किक आणि टर्न द्यावेत. कानात पाणी राहून ठणका लागणं पावसाळ्यात नेहमीचंच. कान टिपून कोरडे करावेत, काडी घालू नये. विजा चमकल्या की सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात नाही. श्वास रोखून कोण किती लांब जातो ही पैज पूर्ण बंद. आधी भराभर श्वास घेऊन बुडी मारणारा पाण्याखाली बेशुद्ध होतो आणि वरून तो पोहतोय असंच वाटतं.

साडेपाचच्या सरावाआधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर, नंतर अर्ध्या तासात शेंगदाणे घातलेले पोहे आणि दोन अंडी किंवा दूध. यापलीकडे आहारशास्त्र लागत नाही.

कागदपत्रं ऑगस्टमध्येच गोळा करा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, बोनाफाइड, ओळखपत्र, प्राचार्यांच्या सहीचा पात्रता अर्ज. एका खेळाडूला किती प्रकारांत उतरता येतं ते विद्यापीठाच्या परिपत्रकात वाचून मगच नावं भरावीत. शेवटच्या आठवड्यात मीटर निम्मे करायचे, वेग मात्र तोच. तीन आठवडे आराम देण्याएवढी मेहनत आपल्या टीमने केलेलीच नसते.

स्पर्धेच्या पिशवीत दोन गॉगल, दोन टोप्या, गॉगलची पट्टी टोपीच्या आत. डायव्हरसाठी एक शॅमी, ते छोटं पाणी शोषणारं कापड. ओल्या नडगीवरून हात सटकला की टक उघडतो, म्हणून प्रत्येक उडीआधी पाय पुसायचे. शॅमी वाळून कडक झाली की पाणी ओढत नाही, तेव्हा पहिल्या उडीआधी ती भिजवून पिळून ठेवायची.